सतापीच्या दोन काड्या

गेल्या आठवड्यात खालच्या मजल्यावरची पूजा माझ्या दारात येऊन उभी राहिली. चपला बाहेर काढून ठेवलेल्या, तरी आत काही येईना. म्हणाली, आजी, तुमच्या गॅलरीतल्या सतापीच्या दोन काड्या पाहिजे होत्या. म्हटलं घे की बाई, कुंडी काय पळून चाललीय का, कात्री फ्रिजवर आहे. तर ती तिथंच, फरशीकडं बघत. मग हळूच म्हणाली, "तुमच्या हातानं खुडून द्या." माझ्या हातात चहाचा कप होता, तो मी खाली ठेवला. पूजा पोरगी चांगली आहे, पैठणकडची, दीड वर्षापूर्वी लग्न होऊन या इमारतीत आली. हे शब्द तिचे नव्हते, तिला कुणीतरी शिकवून पाठवलं होतं, आणि कशासाठी ते मला सांगायची गरज नव्हती. कारण लहानपणी हेच शब्द एकदा मला शिकवून पाठवलं होतं. कुणाच्या दारात पाठवलं आणि पुढं काय झालं, ते आता लिहून ठेवते. माझ्या माघारी सांगणारं कुणी उरलेलं नाही.

आमचं घर मुकुंदवाडीत होतं. घर म्हणजे मधे एक अंगण, अलीकडं आमच्या दोन खोल्या आणि पलीकडं मोठीआईची एक. मोठीआई म्हणजे माझ्या वडिलांच्या, आबांच्या थोरल्या भावाची बायको. ते काका मला आठवत नाहीत, मी चालायला लागायच्या आत ते गेले. त्यांना एक मुलगी झाली होती आणि ती पाळण्यातच गेली, असं माय एकदा भांडी घासता घासता बोलली आणि पुन्हा कधी त्यावर बोलली नाही. तेव्हापासून मोठीआई झोपायला पलीकडं आणि बाकी सगळा वेळ अलीकडं. चूल एकच होती, आमच्या घरातली, आणि ती तिच्या ताब्यात. आबा चिकलठाण्याच्या एका कारखान्यात होते. पहाटेचा भोंगा झाला की आधी तिच्या भाकरी थापण्याचा आवाज यायचा, मग आबांच्या सायकलचा, मग रेल्वेचा. त्या तिन्ही आवाजांमध्ये मी जागी व्हायचे आणि पुन्हा झोपायचे. येसरची आमटी तिच्या हातची अशी असायची की आबांच्या डब्यातला निम्मा भाग कारखान्यातले लोकच खाऊन टाकायचे आणि आबा घरी येऊन उपाशी असल्याचं कौतुकानं सांगायचे. माय स्वभावानं गरीब. दोघी जावांचं भांडण मी कधी ऐकलं नाही, कारण माय भांडायचीच नाही आणि मोठीआईला भांडायला वेळ नसायचा.

दर अवसेला मोठीआई राखणीचं पाणी करायची. नाव भारदस्त, पण करायची ते अगदी स्वयंपाकासारखं. कडुलिंबाचा कोवळा पाला आणि निर्गुडी तांब्याच्या पातेल्यात उकळायची. वेखंडाचा तुकडा पाट्यावर ठेचून त्यात टाकायची. तो वेखंड पाचोडच्या बाजारातलाच लागायचा, कारण तिचं माहेर पाचोड आणि तिच्या मते जगात दुसरीकडं खरा वेखंड मिळतच नाही. शेवटी तुळस आणि सताप. सताप तिच्या दाराशीच होती, तेलाच्या पत्र्याच्या डब्यात लावलेली, बारीक निळसर पानांची. हात लागला तरी बोटांना वास राहायचा. गार झालं की मलमलीच्या फडक्यातून गाळून, कापूर चुरून, ते पाणी गुलाबदाणीत भरायचं. ती पितळी गुलाबदाणी तिनं माहेराहून आणली होती. लांब मान आणि तोंडाला बारीक चाळणी. लग्नात पाहुण्यांवर गुलाबपाणी उडवायची ती वस्तू आमच्याकडं घर राखायच्या कामी लागली होती. देवाच्या फळीपासून सुरुवात करून, कोपरे घेत घेत, आतून बाहेर शिंपडत यायचं आणि उंबऱ्यावर संपवायचं. जे नको ते बाहेर जायला पाहिजे ना, म्हणून आतून बाहेर. माझ्या डोक्यावरही दोन शिंतोडे पडायचे. तो वास, थोडा कडू, थोडा देवळातला, नाकात गेला की मला वाटायचं, झालं, आता एक महिनाभर काळजी नाही. मला कुणाची काळजी होती कोण जाणे, पण ती मिटायची एवढं खरं.

माझ्यानंतर मायचं बरीच वर्षं मूल टिकलं नाही. राहायचं आणि जायचं. मग माझा भाऊ झाला. मायच्या माहेरी करणारं कुणी नव्हतं म्हणून बाळंतपण आमच्याच घरी झालं, आणि त्यासाठी सोयगावहून मावशी आली, मायची थोरली बहीण. मावशी म्हणजे उभ्यानं वारा अडवणारी बाई. आल्या आल्या तिनं खाटेची दिशा बदलली, खिडकीला गोधडी लावली आणि मला केस मोकळे सोडून फिरायचं नाही म्हणून बजावलं. पण चुलीपाशी मोठीआई होती, त्यामुळं पहिले दिवस फार सुखाचे गेले. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेपूची भाजी आणि बाजरीची गरम भाकर, तीत तुपाची धार. बाळंतिणीचं खाणं मायला आणि उरलंसुरलं मला. मी त्या दिवसांत इतकी गुबगुबीत झाले की शाळेतल्या बाई म्हणाल्या, बाळ तुमच्याकडं झालंय की तूच बाळ झालीस.

बारशाच्या दिवशी सगळी गल्ली जमली. मोठीआई घुगऱ्यांचं ताट घेऊन वाटत फिरत होती. पाळण्यापाशी ती थबकली आणि तिच्या तोंडून आपसूक निघून गेलं, "काय बाई, लोण्याचा गोळा हाय नुसता." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. एवढंच झालं. आता आमच्याकडं लेकराचं कौतुक केलं की दोन्ही हातांची बोटं कानशिलाला लावून कडाकडा मोडायची असतात, म्हणजे झालेली नजर तिथल्या तिथं मोडते. मोठीआईनं बोटं मोडली नाहीत. कशी मोडणार, हातात ताट होतं. ताट काही मावशीच्या ध्यानात राहिलं नाही, न मोडलेली बोटं मात्र राहिली.

त्यानंतर दोन-तीन दिवसांतच बाळ किरकिर करायला लागलं. तोंड लावायचं, दोन घोट घ्यायचं आणि किंचाळून सोडून द्यायचं. घेतलेलं दूधही टाकायचं. मायची छाती दगडासारखी झाली आणि पोर उपाशी. मावशीनं मीठ-मोहऱ्या ओवाळल्या, मिरच्या जाळल्या. मिरच्यांचा ठसका आला नाही म्हणजे नजर जबर आहे, असं ती म्हणाली. खरं तर ठसका आला होता, मीच खोकत होते. मग एका दुपारी ती मायच्या खाटेवर बसून हळू आवाजात बोलत राहिली. मी भिंतीपलीकडं अभ्यासाचं पुस्तक उघडं ठेवून सगळं ऐकलं. सुमे, म्हणाली, तोंडानं बोलू नये, पण जिचं स्वतःचं लेकरू गेलं, तिची नजर ती लावत नसली तरी लागती. मायनं तिला थांबवलं नाही. आज मी मायला दोष देत नाही. इतक्या वर्षांनी हाताला आलेलं लेकरू डोळ्यांदेखत सुकत होतं, आणि भ्यालेल्या माणसाला कुणीही काहीही सांगावं.

दुसऱ्या दिवसापासून मोठीआई चुलीकडं आली की मावशी म्हणायची, राहू द्या बाई, आम्ही करू, तुम्ही लई केलं. इतक्या गोडीनं म्हणायची की पहिले एक-दोन वेळा मोठीआईला ते खरंच वाटलं. तिसऱ्या वेळी तिनं हातातली परात खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि पलीकडं गेली. त्या संध्याकाळी तिनं पलीकडं तीन दगडांची चूल मांडली आणि तिच्या खोलीतून भाकरी थापायचा आवाज आला. एकाच भाकरीचा. थाप थाप थाप, आणि मग काहीच नाही. आमच्याकडं रोज भाकरींची चळत व्हायची, त्या आवाजाला अंत नसायचा. एक भाकर थापून थांबलेला तो आवाज मला इतका लागला की मी जेवताना रडले. मावशीला वाटलं आमटी तिखट झाली. ती झालीही होती. आबा रोज कामावरून आल्यावर सायकल लावायचे आणि विचारायचे, वहिनी जेवल्या का? माय खाली बघायची. आबा हातपाय धुवायला जायचे. घरातल्या बायकांच्या गोष्टीत पडायचं नाही असा त्या वेळच्या पुरुषांचा कायदा होता, आणि त्या कायद्याची सोय त्यांना बरी कळत असे, हे मला फार पुढं उमजलं.

आता तो रिवाज सांगते. नजर ज्याची असा वहीम असेल, त्याच्याच दारातला पाला राखणीच्या पाण्यात पडावा लागतो. चोरून आणलेला चालत नाही. न्हाण न आलेल्या पोरीनं जाऊन मागायचा आणि त्या माणसानं आपल्या हातानं खुडून द्यायचा. मागणारीनं कारण सांगायचं नाही, देणाऱ्यानं विचारायचं नाही. पण "तुमच्या हातानं खुडून द्या" म्हटल्यावर विचारायला उरतं काय? मोठीआईनंच गल्लीतल्या कितीतरी जणींना हा रिवाज समजावून सांगितलेला मी ऐकला होता. मावशीनं मला पुढं बसवलं, शब्द पाठ करून घेतले आणि अंगणात ढकललं. मी पलीकडं पोचेपर्यंत जेवढं म्हणून रेंगाळता येईल तेवढं रेंगाळले. माझ्या मनात एकच होतं. आता मावशी ते पाणी आतून बाहेर शिंपडत येईल, उंबऱ्यावर संपवेल, आणि मोठीआई कायमची बाहेर राहील.

मोठीआई दारात बसून ज्वारी निवडत होती, मांडीवर सूप. मला बघून तिचा चेहरा असा फुलला की मला पळून जावंसं वाटलं. बरेच दिवस मी तिकडं फिरकले नव्हते, मावशीचे डोळे माझ्यावर असायचे. ये की, म्हणाली, लांब का उभी राहिलीस? मी म्हटलं, सतापीच्या दोन काड्या पाहिजेत. घे ना, म्हणाली, तुला कुणी अडवलं? मग मला ते म्हणावंच लागलं.

"तुझ्या हातानं खुडून दे."

सुपातली तिची बोटं थांबली. ती माझ्याकडं बघत नव्हती, ज्वारीकडं बघत होती. नंतर तिनं सूप बाजूला ठेवलं, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि डब्यापाशी गेली. खालच्या जून काड्या चालल्या असत्या. तिनं शेंड्याच्या निवडल्या, लुसलुशीत, आणि माझ्या ओंजळीत ठेवल्या. दूध अजून टाकतोय का, एवढंच विचारलं. मी मान हलवली. मी वळले तशी तिनं मला हाक मारली.

"थांब. सताप उकळू देऊ नको. कडूजहर होती आन वास मरतो. लिंब, निर्गुडी, वेखंड उकळलं की पातेलं खाली घ्यायचं, मग तुळस आन सताप सोडायची अन् वर ताट झाकायचं. कापूर गार झाल्यावर. ध्यानात राहील का?"

मी हो म्हटलं. ती आत गेली आणि गुलाबदाणी घेऊन आली, पदरानं पुसत. चाळणीत मागच्या अवसेचा पाला अडकलाय, म्हणाली, आधी सुईनं मोकळी कर, मग भर. वेखंडाचा तुकडाही दिला, चिंधीत बांधलेला. तिच्यापासून घर राखायचं पाणी नीट व्हावं म्हणून ती मला एकेक गोष्ट देत होती. मला रडू आलं नाही, राग आला. कुणाचा आला ते कळेना म्हणून मी अंगणातल्या कुत्र्याला हाड्‌ हाड्‌ करून पिटाळलं.

मावशी शेतात राबलेली बाई, हात जड. तिच्या मते सगळं एकदाच पातेल्यात टाकून खळखळा उकळायचं, म्हणजे औषध उतरतं. मी आडवी आले. सताप आत्ता नाही, म्हटलं, पातेलं खाली घेतल्यावर. तुला काय कळतं गं, म्हणाली. म्हटलं, कळतं मला. मी मोठ्यांना उलटून बोलायची नाही, त्यामुळं मावशी दचकलीच आणि चिमट्यानं पातेलं खाली उतरवलं. मी काड्या सोडल्या आणि ताट झाकलं. थोड्या वेळानं ताट काढलं तेव्हा वाफ उठली आणि तोच वास दोन्ही खोल्यांत पसरला. माय खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडली होती, बाळ कुशीत कण्हत होतं. वास आला तशी तिनं कूस बदलली. माझ्याकडं बघत राहिली. "हे असं करायचं तुला कुणी सांगितलं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, मोठीआईनं. गुलाबदाणीसुद्धा तिनंच दिली. सुईनं चाळणी मोकळी कर म्हणाली.

माय उठून बसली. तिनं केस सारखे केले, डोक्यावरून पदर घेतला, बाळाला मावशीच्या मांडीवर ठेवलं आणि पाणी गार व्हायची वाट बघत चुलीपाशी बसून राहिली. मावशी बोलत होती, ती ऐकत नव्हती. पाणी तिनंच गाळलं, तिनंच कापूर चुरला, गुलाबदाणी भरली आणि ती घेऊन उंबऱ्यात जाऊन उभी राहिली. बाळंतपणापासून ती दाराशी आली नव्हती, उन्हानं तिचे डोळे बारीक झाले. तिनं अंगणापलीकडं हाक मारली, "बाई!" मोठीआई दारात आली. माय म्हणाली, "पाणी तयार हाय. दर अवसेला तुम्हीच शिंपडता. आजबी तुम्हीच शिंपडा."

मागून मावशी म्हणाली, सुमे, तुझं डोकं फिरलं का? मायनं मागं वळूनही बघितलं नाही. शिंपडायला सुरुवात करायची तर देवाच्या फळीपासून करायची, म्हणजे आत यायला हवं, बाळाच्या खाटेवरूनच जायला हवं. हे मायला माहीत होतं, मावशीला माहीत होतं आणि मोठीआईलाही. ती अंगण ओलांडून आली. उंबऱ्याच्या बाहेर थांबली. मायच्या हातातून गुलाबदाणी घेतली, आपल्याच तळव्यावर उलटी धरली आणि साचलेलं पाणी डोळ्यांना लावलं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. उघड्या डोळ्यांनी, चोळून चोळून, लेकरू शेतातून आल्यावर माती धुतात तसं. त्यात कापूर होता, वेखंड होता, कडुलिंब होता. तिचे डोळे बघता बघता लाल झाले, पाण्याच्या धारा लागल्या. माय म्हणत होती, बाई, नका, बाई. ती थांबेना. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "मलाबी तेच वाटत होतं, सुमन."

आणि उंबरा ओलांडून आत आली.

मी लहान होते, तरी ते वाक्य मला समजलं. इतके दिवस मला वाटत होतं की मावशी खोटं बोलतेय आणि मोठीआई मुकाट्यानं सोसतेय. तसं नव्हतं. आपल्या डोळ्यांत काहीतरी वाईट आहे हे तिनं स्वतःच मानलं होतं. पाळण्यात गेलेल्या तिच्या लेकीपासून मानलं असेल. एक भाकर थापून ती त्या खोलीत एकटी बसायची तेव्हा ती आमच्यावर रुसलेली नव्हती. ती लेकराला आपल्यापासून लांब ठेवत होती. आता माझं वय तिच्या तेव्हाच्या वयापेक्षा कितीतरी जास्त आहे, आणि अजूनही हे आठवलं की माझा जीव तुटतो. मावशीवर रागावणं सोपं होतं. हा राग कुणावर काढायचा ते मला आजतागायत कळलेलं नाही.

तिनं देवाच्या फळीपासून सुरुवात केली, कोपरे घेतले, माझ्या डोक्यावर शिंतोडे टाकले, उंबऱ्यावर संपवलं. मग परत आत येऊन मावशीपुढं उभी राहिली. मावशीनं बाळ वर उचलून मोठीआईच्या हातात दिलं. बाळ रडतच राहिलं. कथेत ते गप्प झालं असतं, आमच्याकडं झालं नाही. ते त्या दिवशी रडलं, दुसऱ्या दिवशीही रडलं, फक्त आता ते रात्रंदिवस मोठीआईच्या खांद्यावर रडत होतं आणि मायला झोप मिळत होती. शेवटी आबांनी कामावर खाडा करून त्याला दवाखान्यात नेलं. तोंड आलं होतं, आतून सगळं पांढरं झालं होतं. दूध ओढताना आग व्हायची म्हणून सोडायचा. डॉक्टरांनी लावायला औषध दिलं आणि हळूहळू पोरगं प्यायला लागलं. मावशी म्हणाली पाण्यानं गुण आला, आबा म्हणाले औषधानं आला. मोठीआईला कुणी विचारलं नाही. तिचे डोळे मात्र पुढं बरेच दिवस चुरचुरत होते. मावशी तिला खाटेवर झोपवून डोळ्यांवर गार दुधाच्या घड्या ठेवायची आणि वर बडबडायची, कापूर काय डोळ्यांत घालायची वस्तू आहे का बाई, तुमचंबी लई आगळंच. ते बोलताना मावशीचा आवाज भरून यायचा. जाताना ती मोठीआईच्या पाया पडली. चुलीवरची येसर आमटी परत पहिल्यासारखी झाली आणि तो लोण्याचा गोळा आज नाशकात असतो, डोक्यावर एक केस नाही आणि तिखट सोसत नाही.

मोठीआई गेली तेव्हा गुलाबदाणी आणि सतापीचं रोप माझ्याकडं आलं. गुलाबदाणीची मान पुढं मोडली. आता मी झाडांवर फवारा मारायच्या प्लास्टिकच्या बाटलीत ते पाणी भरते, आणि खरं सांगायचं तर फवारा जास्त चांगला उडतो. पाचोडचा वेखंड मात्र अजून मागवते. पुण्याची नात फोनवर म्हणते, आजी, असल्या बाटल्या ऑनलाइन मिळतात, निगेटिव्ह एनर्जी घालवायच्या, केवढ्या महाग असतात. म्हटलं, असू दे, माझी एनर्जी घरच्या पाल्यानं भागते. माझा विश्वास आहे का असं कुणी विचारलं तर मी सांगते की वास छान येतो आणि घरात माणसं आहेत असं वाटतं. हे गेले की नाही, तेव्हापासून या घरात मी एकटीच आहे, म्हणून तो वास लागतो मला.

तर पूजा. रिवाजानं मागायला लहान पोर लागते, पण त्यांच्या घरात तशी कुणी नाही, म्हणून तिलाच पाठवलं असणार. तिचं बाळ मी लिफ्टमध्ये बघितलं होतं. एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात किल्ल्या, आणि मी म्हटलं होतं, काय गं गोड आहे हा. तिची सासू शेजारीच उभी होती. सगळं ध्यानात आलं माझ्या. मी उठले, गॅलरीत गेले आणि शेंड्याच्या दोन काड्या माझ्या हातानं खुडून तिला दिल्या. सताप उकळू नको, सांगितलं, पातेलं खाली घेऊन मग सोड, झाकण ठेव, कापूर गार झाल्यावर. ती मान डोलवत राहिली, कान लाल झालेले. दाराशी तिला म्हटलं, पाणी झालं की मला हाक मार, शिंपडायला मी येते. आमच्यात मोठ्या बाईनं शिंपडायचं असतं. तिनं चमकून माझ्याकडं बघितलं.

हाक येईल असं मला वाटलं नव्हतं, पण संध्याकाळी आली. माझी फवाऱ्याची बाटली घेऊन मी खाली गेले. सासूबाईंनी टीव्ही बंद केला आणि सोफ्यावर सरसावून बसल्या. वास बरोबर जमला होता, पोरीनं झाकण ठेवलं होतं. बाटली भरली, देव्हाऱ्यापासून सुरुवात केली, कोपरे घेतले, गॅलरी, न्हाणीघर, सासूबाईंच्या डोक्यावरही एक फवारा दिला. वरून विमान गेलं, चिकलठाण्याला उतरणारं, खिडकीच्या काचा थरथरल्या. शेवटी उंबऱ्यापाशी आले. तळवा ओला झाला होता. दोघी माझ्याकडं बघत होत्या, आणि मला मोठीआई दिसली, तो तळवा, ते लाल डोळे. मी माझा तळवा पदराला पुसला. डोळ्यांना पाणी लावलं नाही. माझ्या डोळ्यांत काही नाही, आणि तिच्याही कधी नव्हतं.

"आण त्याला इकडं," मी म्हटलं.

पूजानं सासूकडं बघितलं. सासू डोक्यावरचं पाणी पुसत होती. मग पूजाच उठली आणि बाळ आणून माझ्या हातात दिलं. चांगलं जड पोरगं आहे. त्यानं माझ्याकडं टक लावून बघितलं, मीही त्याला डोळे भरून बघितलं, आणि त्यानं माझा चष्मा ओढून काढला. सगळं धूसर झालं, तरी मी बघतच राहिले. बोटं मोडायला हात याही वेळी मोकळे नव्हते.